चार मतांचे सात धनी

उत्तर गोव्याची सीट यंदा पडणार, हे छातीठोकपणे सांगणारा डिचोली तालुक्यातला पहिला माणूस मी! शेवटचाही मीच होतो, पण ते निकालाच्या दिवशी कळलं.

ही सीट कसली ते आधी सांगतो. इथे त्यांच्या, म्हणजे सरकारातल्या, पक्षाने शेंदूर फासलेला धोंडा उभा केला तरी निवडून येतो, आणि धोंड्याला प्रचाराला फिरायचीही गरज नसते. आमचा पक्ष इथे पंचवीस वर्षं हरतोय. आधी थोडक्यात हरायचो, मग बऱ्यापैकी हरायला लागलो, आता तर इतके सराईत झालोय की आमचे कार्यकर्ते मोजणीला जाताना घरी सांगून जातात, "जेवायला येतो."

मी दत्ताराम गावस. पाळी-सुर्ल्याच्या पट्ट्यातला. खाणी चालू होत्या तेव्हा माझा टिपर खनिज ओढायचा. खाण बंद झाली आणि टिपर परसात उभा राहिला तो राहिलाच. आता त्याच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालतात, आणि मागच्या चाकांवर दोडकीचा वेल चढलाय. आमच्या गावात असे एकोणीस टिपर आहेत. सांगा, इतकी दोडकी खाल्लेला माणूस पुन्हा त्याच पक्षाला मत देईल? माझं गणित एवढं सोपं होतं!

शिवाय पुरावा होता. रोज सकाळी बाबलीच्या हॉटेलात भाजी-पाव खाताना लोक सरकारला ज्या शिव्या घालायचे, त्या ऐकून पावसुद्धा शिळा व्हायचा! नळाला पाणी नाही म्हणून शिव्या, रस्त्याला खड्डे म्हणून शिव्या, खाणीचं दर महिन्याला नवं आश्वासन म्हणून शिव्या. मी मनातल्या मनात मोजायचो. शिवी घालणारा माणूस म्हणजे आपलं मत. माणूस तोंडाने शिवी घालून बोटाने त्यांनाच मत देऊ शकतो, हे मला त्या वयापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. माझं वय छप्पन.

तर डिचोलीच्या सभेत मी माईक हातात घेतला आणि आमच्या उमेदवाराला सांगितलं, "साहेब, माझ्या बूथवर सहाशे बारा मतदार. त्यातली चारशे तुमची! लिहून घ्या!"

उमेदवाराने मला मिठी मारली. गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. घरी आल्यावर बायकोने, म्हणजे विनोदिनीने, हार खुंटीला लावला आणि विचारलं, "अहो, चारशे माणसं आणणार कुठून? आपल्या लग्नाला तीनशे होती, त्यातली दोनशे माझ्या बाजूची."

"लाट आहे, विनोदिनी! लाट!"

"केरीच्या समुद्राला असते ती. इथे तळीसुद्धा सुकली आहे."

मतदानाच्या दिवशी बूथ एजंट मीच. दुसरं कोणी तयारच नव्हतं! पलीकडच्या खुर्चीवर त्यांचा एजंट, पंच यशवंत परब. येणारा प्रत्येक मतदार माझ्याकडे बघून हसला. निवृत्त हेडमास्तर कृष्णनाथ सरांनी तर डोळा मिचकावला! बाबलीने मान डोलावली. मी हरखलो. लोक यशवंतबाबाकडे बघूनही हसत होते, पण मला वाटलं, बिचारे भिऊन हसतायत.

आणि निकाल लागला.

मोजणीच्या हॉलमधून आमच्या माणसाचा फोन आला. "दत्तारामबाब, तुमच्या बूथचा आकडा आला. एकूण चारशे सत्त्याण्णव मतं पडली. त्यांना चारशे अठ्ठ्याहत्तर."

"आणि आम्हाला?"

"नोटाला नऊ. एका अपक्षाला सहा."

"अरे, पण आम्हाला?"

"चार."

"चार... शे?"

"चार."

नोटा म्हणजे कोणीच नको म्हणून दाबायचं बटण. त्या कोणीच-नकोला आमच्या दुप्पट! अपक्षाचं तर नावही मला माहीत नव्हतं, आणि तो मला दोन मतांनी पाडून गेला होता. संध्याकाळी खुद्द उमेदवाराचा फोन आला. माणूस सीट हरला होता, तरी आवाज शांत होता. म्हणाला, "गावसबाब, चारशे म्हणाला होता. दोन शून्यं वाटेत कुठे पडली काय?"

मी जाऊन खाटेवर पडलो, भिंतीकडे तोंड करून. तीन दिवस! विनोदिनीने बांगड्याचं हुमण करून उशाशी आणून ठेवलं, तरी मी मान वळवली नाही. असं आयुष्यात दोनदाच झालंय. पहिल्यांदा मला टायफॉइड होता.

तिसऱ्या दिवशी एकच विचार धीर देऊन गेला. घरात आम्ही मतदार चार. मी, विनोदिनी, मुलगा प्रथमेश आणि सून सुविधा. बूथवर मतं चार. म्हणजे गाव गेलं, पण घर तरी शाबूत आहे! एवढ्यावर मी उठलो आणि अर्धी भाकरी खाल्ली.

चौथ्या दिवशी दुपारी, सगळे आडवे झालेले असताना, मागच्या दाराची कडी वाजली. बघतो तर कृष्णनाथ मास्तर! खांद्यावर हा एवढा फणस. आत येऊन त्यांनी आधी दार लावलं.

"दत्तू, कुणाला बोलू नको. त्या चारातलं एक मत माझं."

"मास्तर!"

"हळू! आमची मुलगी तनया सरकारी शाळेत शिक्षिका आहे. इथे डिचोलीत आहे तोवर घरून जाऊन येऊन करते. कळलं तर कुठे फेकतील सांगता येत नाही. तू आपला मनातच ठेव."

मी त्यांच्या पाया पडलो. मास्तर गेले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरची चार आणि मास्तरांचं एक. पाच झाली! बूथवर तर चारच होती!

संध्याकाळी बाबली आला, हॉटेलातले गरम बन्स कागदात बांधून. "पात्रांव, माझं मत तुम्हालाच. पण मला धंदा करायचा आहे. तुम्ही ऐकलं नाही, मी बोललो नाही." सहा!

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा. ती मूळची बेळगाव जिल्ह्यातली, नवरा इथे बांधकामावर आला तेव्हापासून गावात भाड्याने राहते. पंचायतीत झाडलोट करते. पदराखालून डबा काढून म्हणाली, "काका, गावाकडनं कुंदा आलाय, घ्या. आन् मी मत तुमालाच दिलंय बगा. जेवा आता गप."

सात! चार मतांचे सात धनी!

आता शहाणा माणूस काय करील? फणस खाईल, बन्स खाईल, कुंदा खाईल आणि गप बसेल. पण मी बूथ एजंट! हिशेब जुळला नाही तर मला घास उतरत नाही. बाहेरची तीन माणसं नजर चुकवून, जीव धोक्यात घालून सांगायला आली. ती कशाला खोटं बोलतील? म्हणजे खोटं बोलतंय ते घर! मी सोडून घरातल्या तिघांनी मला दगा दिला!

रात्रीच्या जेवणाआधी मी चौकशी बसवली. ओसरीवर खुर्ची घेतली आणि तिघांना समोर उभं केलं.

"खरं सांगा. कुणाला मत दिलं?"

"बाबा, मतदान गुप्त असतं," प्रथमेश म्हणाला. तो एका सरकारी खात्यात कंत्राटावर आहे. दर वर्षी तीस जूनला त्याचं कंत्राट संपतं, आणि एक जुलैचा कागद येईपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही.

"गुप्त बाहेरच्यांसाठी! घरात कसलं गुप्त?"

"तुम्हालाच दिलं," सुविधा म्हणाली. "मी आणि ह्यांनी, दोघांनी. झालं?"

"विनोदिनी?"

"अहो, पंचवीस वर्षं देत आले. यंदाच काय वेगळं करीन?"

"खोटं! मला सगळं कळलंय. बाहेरच्या तीन मतांचा मला पक्का पुरावा मिळालाय. चारातून तीन गेली, उरलं एक. ते माझं! तुम्ही तिघं खोटारडे!"

विनोदिनीने पानं वाढली, माझंही वाढलं, आणि जेवून उठेपर्यंत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून शरमली!

दोन दिवसांनी पंच यशवंतबाब दारात. हातात वही, चेहरा दुखरा. निवडून आलेल्या पक्षाचा माणूस असा का दिसतो, मला कळेना.

"दत्तारामबाब, तुमच्यामुळे माझी झोप गेली," तो बसता बसता म्हणाला.

"माझ्यामुळे? चार मतं पडली मला!"

"तेच तर! शेजारच्या बूथवर तुम्हाला सत्तर पडली, तिथे कोणी काही विचारत नाही. सत्तर माणसं शोधत कोण बसणार? चार म्हणजे शोधण्यासारखी! वरून फोन आला, यशवंत, ते चार कोण? मी वर सांगितलं होतं, माझ्या बूथवर शून्य पडणार म्हणून."

म्हणजे सभेत फुशारकी मारणारा मी एकटाच नव्हतो. बरं वाटलं.

तेवढ्यात विनोदिनीने चहा आणला. घरी आलेल्या माणसाला नुसता चहा देणं तिच्या जिवावर येतं, मग तो कोणत्या का पक्षाचा असेना. बरोबर बशीत फणसाचे गरे, कागदासकट बन्स आणि कुंदा. यशवंतबाबाने गरा उचलला.

"तर सरळ विचारतो. ती चार तुमच्या घरातलीच ना? तसं लिहून देतो आणि विषय मिटवतो."

मी तोंड उघडणार, एवढ्यात विनोदिनी पुढे झाली. "नाही हो, यशवंतबाब! ह्यांचं एक धरा. आम्ही तिघांनी तुमच्या पक्षाला दिलं. देवीची शपथ!"

"हो, काका," प्रथमेश आतून धावत आला. "मी तर सकाळी सातलाच दिलं."

"मीसुद्धा," सुविधा म्हणाली. "बाबांचं डोकं फिरलंय म्हणून सगळ्यांची थोडीच फिरणार?"

माझ्या घरात, माझ्या ओसरीवर, माझ्या देखत! जे मला कबूल करत नव्हते ते विरोधकाला शपथेवर सांगत होते! माझ्या कानशिलात वाफ भरली. एखाद्या माणसाला घराने असं उघड्यावर टाकलं की तो काय करतो? छाती काढतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लिहा, यशवंतबाब! लिहा! घरची माझी नसतील, पण गावात माझी माणसं आहेत! तीन माणसं आहेत! स्वतःच्या पायांनी ह्या दारात येऊन सांगून गेली, दत्ताराम, मत तुला दिलं!"

विनोदिनीच्या हातातली किटली तिथल्या तिथे राहिली.

"असं?" यशवंतबाब म्हणाला. "कोण?"

"ते मेलो तरी सांगणार नाही!"

आणि खरंच सांगितलं नाही! हे मात्र माझ्या नावावर लिहा. मी एकही नाव घेतलं नाही. पण यशवंतबाबाचा चावायचा वेग कमी झाला. त्याने हातातल्या गऱ्याकडे बघितलं.

"कापा फणस. एवढा गोड गरा गावात एकाच झाडाला लागतो. मास्तरांच्या विहिरीकडच्या."

त्याने बन्स उचलून नाकाशी नेला. "बाबलीकडचे. आणि कागदात बांधलेले! बाबली कुणाला पाण्याचा ग्लाससुद्धा घरपोच देत नाही."

मग कुंदा. तो त्याने आधी खाल्ला, बोटं चाटली. "हा तर अस्सल बेळगावचा. आमच्या पंचायतीत झाडू मारणारी आहे ना, तिच्याच गावचा."

"यशवंतबाब, तसं काही नाही, ते मी बाजारातून..." विनोदिनी म्हणाली.

"वयनी, चहा फक्कड होता," असं म्हणून तो उठला, हात धुतले आणि वही काखेला मारून गेला. वहीत त्याने काहीच लिहिलं नव्हतं. गरज पडली नसावी.

पंधरा दिवसांत सगळं झालं. बाबलीच्या हॉटेलात तपासणीला माणसं आली आणि तीस वर्षं न सापडलेल्या माशा एका सकाळीत सापडल्या. हॉटेल महिनाभर बंद. गंगाला पंचायतीत सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आणि तनयाच्या बदलीचा कागद आला. तेरेखोल! म्हणजे गोव्याचं पार वरचं टोक, नदीपलीकडचं. आमच्या गावाहून निघालं की सगळा पेडणे तालुका ओलांडायचा, मग केरीला फेरीबोट धरायची. त्याच्यापुढे बदली करायची तर मुलीला महाराष्ट्रात पाठवावी लागली असती.

आणि प्रथमेशचं कंत्राट? एक जुलैला कागद आला. एका दिवसाचाही उशीर नाही!

मी यशवंतबाबाकडे गेलो. म्हणालो, "त्यांना कशाला? काय घ्यायचं ते माझ्यावर घ्या."

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तुमच्यावर काय घेणार, दत्तारामबाब? तुमचा टिपर आधीच बंद आहे."

तिथून मास्तरांकडे. ते अंगणात तनयाची गादी दोरीने बांधत होते. मी खाली मान घालून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गरे, बन्स, कुंदा, माझी छाती. मास्तरांनी गाठ मारून घेतली आणि मग बोलले.

"दत्तू, मी तुला मत दिलंच नव्हतं."

"काय?"

"नोटा दाबला. बाबलीनेही. आम्ही दोघं बोलूनच गेलो होतो. तुमचा तो उमेदवार चार वर्षांत गावात एकदा आला, तेसुद्धा रस्ता चुकून. त्याला कशाला द्यायचं?"

"मग तुम्ही माझ्या घरी..."

"तुझी बायको रडत आली, तू तीन दिवस जेवला नाहीस म्हणून. म्हटलं, आपलं काय जातंय? एक खोटं बोलू, एक फणस देऊ. माणूस उठून बसेल."

"आणि गंगा?"

"गंगाचं नाव इथल्या यादीत आहे? अरे, तिचं मत बेळगावकडे. तू एजंट ना? यादी तुझ्याच खिशात होती ना?"

होती. तीन महिने होती. झोपतानासुद्धा खिशात होती. पण कोणी येऊन आपल्याला मत दिलं म्हणतं, तेव्हा यादी उघडून बघणारा उमेदवार नि एजंट अजून जन्मायचा आहे.

"मास्तर, मग जाऊन यशवंतबाबाला हे सांगा! नोटा दाबला म्हणून सांगा!"

"सांगितलं. म्हणाला, मास्तर, आता सगळे नोटाच म्हणतात."

घरी आलो तेव्हा विनोदिनी तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो.

"मास्तरांचं नव्हतं," मी म्हणालो. "बाबलीचंही नव्हतं. गंगाला तर इथे मतच नाही."

"मग?"

"मग ती चार..."

"घरात माणसं किती आहेत?"

"पण तू देवीची शपथ घेतलीस! यशवंतबाबासमोर!"

"मुलाचा कागद तीस तारखेला संपत होता. देवीला मी दुसऱ्याच दिवशी जाऊन खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं." तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "तुम्हाला तर आधीच सांगितलं होतं. तुम्ही खोटारडी म्हणालात."

मी सूप तिच्याकडून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागलो. तिने घेऊ दिलं. ती उठून आत गेली, आणि आतून नुसते भांड्यांचे आवाज येत राहिले.

तेव्हापासून एक काम मी लावून घेतलंय. तनयाने तेरेखोलला खोली घेतली आहे. शनिवारी ती घरी येते, आणि सोमवारी पहाटे मी तिला स्कूटरवर केरीच्या धक्क्यापर्यंत पोचवतो. अस्नोडा, कोलवाळ, मांद्रे, केरी. दीड तास. पहिले चार सोमवार ती एक शब्द बोलली नाही. मी आपला खड्डे चुकवत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात माफी मागत होतो.

पाचव्या सोमवारी फेरीबोट पलीकडून यायची होती. आम्ही धक्क्यावर उभे होतो. ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही सगळ्यांना विचारलं, कुणाला मत दिलं. मला कधी विचारलं नाही."

"कुणाला दिलंस, बाय?"

"त्यांना."

"त्यांना?"

"डिचोलीतली शाळा टिकावी म्हणून. पप्पांना ठाऊक नाही. आईलासुद्धा नाही." ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "चारशे अठ्ठ्याहत्तरातलं एक माझं. त्यांनी बदली केली ती स्वतःच्याच मतदाराची."

फेरीबोट लागली. माणसं उतरली, दोन मोटरसायकली उतरल्या. तनयाने पिशवी उचलली. मग वळून म्हणाली, "पुढच्या खेपेला मात्र तुमच्याच पक्षाला देणार. उमेदवार कोण का असेना."

काय सांगू तुम्हाला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी छाती भरून आली. पंचवीस वर्षांत आमच्या पक्षाने कुणाचंही मन वळवलं नव्हतं, आज एक मत वाढलं! चारावर एक, पाच! म्हणजे एका निवडणुकीत पंचवीस टक्के वाढ! मी ओरडलो, "बाय, बूथवर मी असेनच! सकाळी लवकर ये!"

बोट सुटली होती. कठड्याशी उभी राहून ती ओरडली, "काका, तुमच्या बूथवर नाही! नाव मी तेरेखोलच्या यादीत घालून घेतलंय!"